नजर आणि साक्ष

ड्रोन या चिमुकल्या विमानयंत्राविषयी आपल्याकडे सध्या जे बोलले जाते, त्यातील बहुतेक भाग एक तर जाहिरातीच्या जातीचा असतो, नाही तर धास्तीच्या. 2014 साली मुंबईतील एका इमारतीच्या गच्चीवर ड्रोनने पिझ्झा उतरवल्याची चित्रफीत झळकली, तेव्हापासून एका पक्षाच्या कल्पनाशक्तीने त्या गच्चीपलीकडे फारशी झेप घेतलेली नाही. 2030 पर्यंत भारत हे ड्रोनचे जागतिक केंद्र व्हावे, हे सरकारी उद्दिष्ट उच्चारले की त्या पक्षाचे समाधान होते. दुसऱ्या पक्षाचा सूर 2024 च्या पावसाळ्यात ऐकू आला. मराठवाड्यात आणि पुणे-नगरच्या पट्ट्यात रात्री घिरट्या घालणाऱ्या ड्रोनच्या वार्ता पसरल्या, चोरांची टेहळणी चालली आहे असा समज दृढ झाला, काठ्या घेऊन गावेच्या गावे जागी राहिली, आणि शहरातील शहाण्यांनी त्या भयाची थट्टा केली. माझ्या मते त्या गावकऱ्यांना पडलेला प्रश्न हाच या सबंध चर्चेतील एकमेव गंभीर प्रश्न होता. वर फिरते आहे ते कोणाचे, कोणाच्या हुकुमाने, आणि त्याने आमचे जे पाहिले ते कोणाच्या दप्तरी जाऊन पडणार, हे त्यांना कळत नव्हते. आणि खरे पाहता ते कळण्याची सोय थट्टा करणाऱ्यांनाही नाही.

ऑगस्ट 2021 मध्ये आलेल्या ड्रोन नियमावलीने पूर्वीच्या परवानग्यांचे रान पुष्कळ तोडले, पंचवीस प्रकारच्या अर्जांचे पाच केले, आणि नकाशावर निर्बंधमुक्त म्हणून दाखवलेल्या हिरव्या पट्ट्यात जमिनीपासून 120 मीटर उंचीपर्यंत उडण्यास पूर्वपरवानगीची अट ठेवली नाही, हे सर्व स्वागतार्हच आहे. या नियमावलीने ड्रोनचे वर्ग पाडले ते वजनावरून : 250 ग्रॅमपर्यंत नॅनो, तेथून 2 किलोपर्यंत मायक्रो, 25 किलोपर्यंत लहान, आणि त्यापुढे मध्यम व मोठे. डोक्यावर पडले तर काय होईल, या दृष्टीने ही वर्गवारी रास्त आहे. परंतु नागरिकाला ड्रोनपासून पोचू शकणारी इजा ही त्याच्या पडण्यापेक्षा पाहण्यातून अधिक संभवते, आणि अर्धा शेर वजनाच्या यंत्राला वीस शेरांच्या यंत्राहून कमी दिसते असे नाही. यास्तव वर्गवारी करावयाचीच तर ती परिणामावरून करावी, आणि तशी केली असता दोनच वर्ग पडतात : ओझे वाहणारा ड्रोन आणि कागद निर्माण करणारा ड्रोन.

पहिल्याविषयी माझी तक्रार नाही. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन 20 च्या आसपास शेतकरी व शेतमजूर दगावले, ही गोष्ट ज्याच्या स्मरणात आहे, त्याला दहा लिटरची टाकी घेऊन पिकावरून फिरणारे यंत्र ही चैन वाटणार नाही. आणि डोक्यावर गेलेल्या उसात पाठीवर पंप बांधून शिरणे ज्याने पाहिले आहे, त्याला ते पटवून द्यावे लागणार नाही. 15,000 महिला बचत गटांना असे ड्रोन देण्याची योजना केंद्र सरकारने 2023 च्या अखेरीस मंजूर केली. रवांडात 2016 पासून रक्ताच्या पिशव्या हवेतून पोचतात. डिसेंबर 2021 मध्ये जव्हारहून झाप गावी लशी गेल्या त्याही अशाच. या कामांत खर्चाचा, देखभालीचा आणि शेजारच्या रानात उडून जाणाऱ्या फवाऱ्याचा विचार करावा लागेल, परंतु हे व्यवस्थेचे प्रश्न होत. यंत्राने मजुरी बुडेल असे म्हणणाऱ्यांना यवतमाळची आठवण पुरे. सरसकट बंदी मागणाऱ्यांनी नागरी ड्रोनवरील 2014 च्या बंदीचे काय झाले ते पाहावे. ती जारी असतानाच लग्नाच्या मांडवांवर ड्रोन खुशाल फिरत होते.

कागद निर्माण करणाऱ्या ड्रोनची गोष्ट निराळी, आणि त्याचे सर्वात मोठे उदाहरण आपल्या दाराशी आहे. मलिक अंबराची जमीन-महसुलाची व्यवस्था, इंग्रजी अमदानीतील प्रिंगलची फसलेली पाहणी, इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी बसवलेली पद्धत, हा इतिहास मराठी वाचकाला नव्याने सांगावयास नको. त्यातून एवढेच घ्यावे की मोजणीची साखळी नेहमी वसुलीच्या मागोमाग फिरली. शेतातून सारा येत होता म्हणून शेताचा गुंठा न् गुंठा दप्तरी चढला. गावठाणातून तो येत नव्हता म्हणून जेथे माणसे राहतात तेवढीच जागा नकाशावर बाहेरची हद्द दाखवून आत कोरी राहिली. 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाने दोन हजारांहून अधिक वस्तीच्या गावठाणांच्या मोजणीची तरतूद केली, पण लहान गावातील घराला आधार राहिला तो ग्रामपंचायतीच्या नमुना 8 चा, आणि तो उतारा कर कोणाकडून घ्यावा एवढेच सांगतो. मालक कोण, हे सांगत नाही. पुढे पुरंदर तालुक्यातील सोनोरी गावी भूमी अभिलेख खाते आणि 1767 पासून देशाचे नकाशे करीत आलेली सर्व्हे ऑफ इंडिया यांनी ड्रोनने गावठाण मोजण्याचा प्रयोग केला, आणि 24 एप्रिल 2020 रोजी ‘स्वामित्व’ या नावाची योजना देशासाठी जाहीर झाली. घरमालकाच्या हाती मिळकत पत्रिका पडावी, तिच्यावर त्याला कर्ज मिळावे, वाद मिटावेत, असा तिचा हेतू आहे आणि तो स्तुत्य आहे.

माझा वाद आहे तो या योजनेभोवती रूढ होऊ पाहणाऱ्या एका मताशी. ते मत असे की, मोजणीत माणूस होता म्हणून लबाडी होती. साखळी सैल धरणारा, खुणेचा दगड सरकवणारा, चहापाण्यावर हद्द हलवणारा मोजणीदार होता. ड्रोनला भाऊबंद नसतात, त्याची मोजणी पाच सेंटिमीटरपर्यंत अचूक असते, आणि म्हणून माणूस वगळला की अन्यायही आपोआप वगळला जातो. सुशिक्षितांना हे मत इतके सोयीचे वाटते की ते तपासून पाहण्याची त्यांना गरजच भासत नाही. तपासले असता ते पायरीपायरीने ढासळते.

पहिली पायरी अशी की, ड्रोन हद्द पाहतच नाही. तो पाहतो तो चुना. उड्डाणाच्या आधी भूमी अभिलेखाचे आणि ग्रामपंचायतीचे कर्मचारी गावात येतात, धारकांना बोलावतात, आणि घराभोवती, परसाभोवती, दोन भावांच्या वाटणीतून जाणाऱ्या रेषेवर चुन्याची फक्की ओततात. ज्या घराला कुलूप आहे आणि ज्याचा धारक मुंबईत आहे, त्याच्या अंगणातील रेघ शेजाऱ्याच्या सांगण्यावरून पडू शकते. दोघा भावांपैकी जो गावात राहिला, तो ओट्याची कड आपल्या सोयीने दाखवू शकतो. आणि 2005 च्या कायदेदुरुस्तीने जिला वडिलार्जित मिळकतीत भावाइतकाच वाटा दिला ती बहीण त्या वेळी सासरी असते, तिला कोणी कळवलेलेही नसते. मग यंत्र वर चढते, एकमेकांवर निम्म्याहून अधिक चढणारी छायाचित्रे ओळीने टिपते, जमिनीवरील संदर्भकेंद्रांच्या आधाराने ती जुळवली जातात, आणि 1:500 प्रमाणाचा देखणा नकाशा तयार होतो. त्याची अचूकता पाच सेंटिमीटरची आहे, हे मी निःशंकपणे मान्य करतो. परंतु ती त्या रेघेची अचूकता आहे. चुकीच्या जागी पडलेली रेघ ड्रोन तितक्याच अचूकपणे चुकीच्या जागी नोंदवतो.

दुसरी पायरी छपराची. वरून दिसते ते छप्पर, आणि आपल्याकडे छप्पर व भिंत एका रेषेत नसतात. कोकणात पागोळ्या भिंतीपासून दूर पडाव्यात म्हणून कौलांची वळचण हातभर पुढे काढलेली असते. देशावर पत्र्याची कड शेजाऱ्याच्या बोळावर येते. चित्रात उमटते ती वळचणीची कड, आणि भांडण असते ते तिच्याखालच्या हातभर जमिनीचे : ती जागा कोणाची, सांडपाणी कोठून काढावयाचे, गुरे कोणत्या बोळातून न्यावयाची. आंब्याफणसांच्या दाट झाडोऱ्याखाली दडलेल्या घराच्या बाबतीत तर तेवढीही कड दिसत नाही. सामाईक भिंत दोघांची की एकाची, विहिरीकडे जाण्याची वहिवाट किती पिढ्यांची, हे कोणत्याही उंचीवरून दिसण्यासारखे नाही. ते गावातील जाणत्या माणसांना विचारावे लागते. योजना आखणाऱ्यांना याची जाणीव होती, म्हणूनच त्यांनी नकाशा जमिनीवर पडताळून पाहण्याची, चौकशी करण्याची आणि हरकती ऐकण्याची पायरी राखून ठेवली. माणूस वगळू पाहणाऱ्यांना नेमकी हीच पायरी दिरंगाईची वाटते.

तिसरी पायरी सर्वात महत्त्वाची. गावठाणाची हद्द ही स्वतःच एका जुन्या निर्णयाची खूण आहे. गावकुसाबाहेरच्या वस्त्या, गायरानावर पिढ्यान् पिढ्या नांदलेली घरे, जुन्या रेषेपलीकडे वाढलेल्या वाड्या, यांच्यावरूनही ड्रोन तितक्याच सहजतेने जाऊ शकतो, आणि तीही घरे तितकीच स्वच्छ टिपू शकतो. पण रेषेच्या आतल्या घराला त्या चित्रातून मालकीचा कागद मिळतो, तर बाहेरच्या घराविरुद्ध तेच चित्र अतिक्रमणाचा पुरावा म्हणून पुढे येऊ शकते. कोणते छायाचित्र सनदेला जोडावे आणि कोणते नोटिशीला, हे ड्रोन ठरवीत नाही, कचेरी ठरवते. माणूस वगळला गेला असे जे म्हणतात, त्यांनी फक्त बांधावरचा माणूस वगळला आहे. टेबलामागचा जागच्या जागी आहे, आणि आता तो दिसेनासा झाला आहे.

जुन्या मोजणीदाराचा कैवार घेण्याची मला हौस नाही. तो लबाड असू शके, आळशी असू शके, आणि बड्या खातेदाराच्या वाड्यावर उतरणारा तर पुष्कळदा असे. परंतु तो सापडत असे. लगतच्या धारकांना नोटीस देऊन, पंचांच्या देखत, तो बांधावर उभा राही. त्याच्या कागदावर त्याची सही असे. त्याचे काम पटले नाही तर वरिष्ठांकडून निमताना मोजणी मागता येई, आणि तेवढ्यानेही भागले नाही तर दिवाणी न्यायालयात त्याला पिंजऱ्यात उभे करून वकील त्याची उलटतपासणी घेऊ शके. त्याच्या लबाडीला नाव होते आणि पत्ता होता. जिची उलटतपासणी होऊ शकते ती साक्ष, आणि जिची होऊ शकत नाही ती नुसती नजर. ड्रोनविषयीच्या सर्व युक्तिवादांची, अनुकूल आणि प्रतिकूल, शहानिशा करता करता मी पुन्हा पुन्हा या एका भेदापाशी येऊन पोचतो, आणि इतर भेद मला त्यापुढे गौण वाटू लागतात.

हा भेद मोजणीपुरता नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये पंजाब-हरियाणाच्या शंभू सीमेवर पोलिसांनी ड्रोनमधून आंदोलक शेतकऱ्यांवर अश्रुधुराची नळकांडी सोडली आणि शेतकऱ्यांनी ते ड्रोन पाडण्यासाठी पतंग उडवले. वृत्तपत्रांना त्यात मौज वाटली. पण लाठी चालवणाऱ्या शिपायाच्या छातीवर निदान नावाची पट्टी असावी लागते, वरच्या यंत्राचा चालक कोण हे खालच्या माणसाने कसे ओळखावे, याचे उत्तर त्या मौजेत नव्हते. याउलट कॅलिफोर्नियातील चुला व्हिस्टा या शहराचे पोलीस 2018 पासून तातडीचा दूरध्वनी आला की शिपाई पोचण्याआधी ड्रोन धाडतात. शहरावर सतत रोखलेली ही नजरच होय, आणि तिचे मला कौतुक नाही. तथापि ते खाते आपल्या उड्डाणांचे मार्ग नागरिकांसाठी प्रसिद्ध करते, आणि एका वृत्तपत्राच्या प्रकाशकाने चित्रीकरणाची मागणी करून न्यायालय गाठले तेव्हा 2023 च्या अखेरीस तेथील अपील न्यायालयाने असा निर्वाळा दिला की, तपासाचे निमित्त सांगून सर्वच चित्रीकरण सरसकट दडवता येणार नाही. नजरेला साक्षीच्या पिंजऱ्यात आणण्याचा मार्ग असा असतो. कोणी तरी मागणी करावी लागते आणि कोणाला तरी उत्तर देण्यास बांधून घ्यावे लागते.

पुढची दिशा उघड आहे. आज चालकाच्या दृष्टीच्या टप्प्यात उडणारे ड्रोन उद्या त्या टप्प्यापलीकडे जातील, पेटीतून आपोआप उठून आपोआप परततील, आणि एक माणूस दूरच्या खोलीत बसून त्यांतील अनेकांवर देखरेख ठेवील. तशा वाहतुकीचा धोरणात्मक आराखडाही केंद्राने 2021 मध्येच काढला आहे. हे थांबणार नाही आणि थांबवूही नये. परंतु चालक जितका दूर जाईल, तितका जाब विचारण्याजोगा माणूसही दूर जाईल. सर्वोच्च न्यायालयाच्या 2017 च्या पुट्टस्वामी निकालाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला खरा, पण व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाच्या 2023 च्या कायद्याने राज्यसंस्थेसाठी सवलतीची दारे ठेवली आहेत, आणि टिपलेल्या चित्रांचे पुढे काय व्हावे याविषयी ड्रोन नियमावली जवळजवळ मौन पाळते. हे मौन सोडवण्यासाठी मोठ्या तत्त्वज्ञानाची गरज नाही. प्रत्येक सरकारी उड्डाण कोणाच्या हुकुमाने, कोणत्या दिवशी, कोणत्या क्षेत्रावर झाले, याची नोंद चावडीवर लागावी. ज्याच्याविरुद्ध किंवा ज्याच्या मिळकतीविषयी चित्राचा उपयोग होणार आहे, त्याला त्या चित्राची नक्कल सातबाऱ्याच्या नकलेइतक्या सुलभपणे मिळावी. आणि हरकतीची मुदत संपेपर्यंत अशा चित्रावर आधारलेला कोणताही आदेश अंतिम मानू नये. एवढे झाले की ड्रोन कितीही उंच उडाला तरी माझी हरकत नाही.

असा कायदा होईल तेव्हा होईल. तोपर्यंत ज्यांचे घर गावठाणात आहे आणि जे स्वतः पुण्यामुंबईत आहेत, त्यांनी मोजणीची खबर लागताच गावी जावे, चुना पडत असताना जवळ उभे राहावे, बहिणींना आधी कळवून बरोबर न्यावे, कच्चा नकाशा स्वतः पाहावा, आणि चूक आढळल्यास लेखी हरकत देऊन तिची पोच घ्यावी. सनद निघाल्यानंतर केलेल्या दहा तक्रारींपेक्षा मुदतीत दिलेली एक हरकत अधिक कामाची असते.