सभेतील भय



काळेवाडीतल्या किती घरांत असे घडते, ते पाहा. कारखान्यात यंत्राच्या खडखडाटातही ज्याचा आवाज शेवटच्या कामगारापर्यंत पोचतो, त्याला १४ एप्रिलच्या सभेत ‘दोन शब्द बोला’ म्हटले की घशाला कोरड पडते. तो हात जोडून मागे सरतो आणि लोक म्हणतात, किती नम्र माणूस! ही नम्रता नव्हे. हे भय आहे.

ते आपल्या रक्तात आहे काय? मुळीच नाही. ते शिकवले गेले. चावडीपासून दूर उभे राहायचे, जोहार घालायचा, विचारले तरच बोलायचे, तेही मान खाली घालून. हे धडे पिढ्यान्‌पिढ्या गिरवले गेले. धर्मांतर एका दिवसात झाले, गळ्याची सवय एका दिवसात सुटत नाही.

तथागतांनी या भयाची दखल घेतली आहे. अंगुत्तर निकायाच्या नवक निपातात पाच भये सांगितली आहेत : उपजीविकेचे, अपकीर्तीचे, सभेत बुजण्याचे, मरणाचे आणि दुर्गतीचे. सभेचे भय थेट मरणाच्या शेजारी बसवले आहे! त्यावर बळे चार : प्रज्ञा, वीर्य, निर्दोष आचरण आणि संग्रह, म्हणजे लोकांना जोडून घेणे. यात गोड गळा कोठेही नाही. संग्रहाच्या चार अंगांत दान, प्रियवचन, हितकारक वर्तन यांबरोबर समानात्मता येते. मला वाटते, आपले औषध येथेच आहे. समोरच्याला जो बरोबरीचा मानतो, तो त्याला भीतही नाही आणि त्याच्यावर गुरगुरतही नाही. (आपल्या काही वक्त्यांना मात्र हे भय थोडे असते, तर सभा वेळेवर संपल्या असत्या!)

जुलै १९४२ मध्ये नागपूरला दलित महिला परिषद भरली. अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या. ज्यांना चारचौघांत तोंड उघडू दिले जात नव्हते, अशा स्त्रियांनी हजारोंच्या सभेत घटस्फोटाचा हक्क मागितला, बहुपत्नीत्वाविरुद्ध ठराव केला. त्यांना भय वाटले नसेल काय? पण जे मागायचे होते ते भयापेक्षा मोठे होते.

म्हणून रविवारच्या वंदनेनंतर विहारात पाच मिनिटे अशा माणसासाठी ठेवा, जो आजवर कधीच बोलला नाही. सून असो, शाळकरी मुलगा असो. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ मधील एक पान त्याने उभे राहून वाचावे, पुढच्या वेळी त्यावर आपली तीन वाक्ये सांगावीत. तो अडखळेल. त्या वेळी ऐकणाऱ्यांपैकी कोणी हसू नये. एकाचे भय पुष्कळदा दहा जणांच्या हसण्यातून जन्मते, आणि ते दहा जण आपणच असतो.