पेल्याभोवतीचे सुख

सुख आणि नीती यांचे जन्मजात वैर असते, असा समज आपल्या मनात खोल रुजलेला आहे. द्राक्षारसाचा विषय निघाला की तो अधिकच दृढ होतो. दारूपायी धुळीस मिळालेले संसार आपण पाहिलेले आहेत. म्हणून त्या समजाला निराधारही म्हणवत नाही. तथापि स्पेनमधील एक साधी रीत त्याला विचारात पाडते.

उत्तर स्पेनमधील बिल्बाओ शहरात मित्रांचा घोळका एका मद्यगृहातून दुसऱ्यात हिंडतो. जाड बुडाच्या लहान पेल्यात थोडासा द्राक्षारस, चार गोष्टी, की पुढे प्रस्थान. या फेरीला तेथे ‘चिकितेओ’ म्हणतात. रिओहा प्रांतातील लोग्रोन्यो येथे लाउरेल नावाच्या गल्लीत पेल्याबरोबर परतलेली अळंबी किंवा पावाच्या चकतीवरचा एखादा पदार्थ घेतात, तोही बहुधा उभ्यानेच. पुष्कळदा सारे जण आरंभीच सारखे पैसे एकत्र करतात. या सामाईक पुंजीचे नाव ‘बोते’. तेथे कोणी यजमान नाही, कोणी आश्रित नाही.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी ‘सुम्मा थिऑलॉजिका’ या ग्रंथात संयमाचा विचार करताना अतिरेकाला दोष दिलाच. पण विवेकाला धरून असलेले सुखही झिडकारणे हा दुर्गुण मानला. सत्कारणासाठी केलेला त्याग मात्र त्यांनी त्यात गणला नाही.

मग हा संयम येतो कोठून? केवळ मनोनिग्रहातून येतो, असे आम्हास वाटत नाही. लहान पेला, सोबतचा घास, मधली पायपीट आणि थोरामोठ्यांची ऊठबस यांनीही तो सांभाळला जातो. १९९० च्या दशकात स्पेनमध्ये तरुणांनी दुकानातून बाटल्या आणून चौकात पीत बसण्याची चाल फोफावली. तिला ‘बोतेयोन’ म्हणतात. मित्र तेथेही असतात. पण घास नाही, पायपीट नाही, वडीलधारे नाहीत. अखेर अंदालुसिया प्रांताला २००६ साली त्याविरुद्ध कायदा करावा लागला.

अर्थात रीत कितीही सुंदर असली तरी ती निर्दोष ठरत नाही. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यास निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट केले. शिवाय सामाईक पुंजीत पैसे टाकल्यावर ‘मला पुरे’ म्हणणे जड जाते. संगत जशी सावरते, तशी ती ओढूनही नेते.

म्हणून अशा सुखाची कसोटी न पिणाऱ्याच्या ठिकाणी आहे, असे आम्ही मानतो. त्याच मद्यगृहांत ‘मोस्तो’ नावाचा न आंबवलेला द्राक्षांचा रसही मिळतो. तो हाती घेऊन उभा राहणारा मित्र जर त्या घोळक्यात तितकाच आपला असेल, त्याच्या ‘नको’वर कोणी हसत नसेल, तर ते सुख खरोखर मैत्रीचे आहे. तसे नसेल, तर मैत्री हे केवळ निमित्त होते, सोहळा पेल्याचाच होता.