भूक भागल्यानंतरचा घास

ॲपल क्रम्बल हा इंग्लंडात घरोघरी होणारा साधा गोड पदार्थ. तो ताटात येतो तो जेवण संपल्यावर, पोट भरलेले असताना. मराठी पानात गोडाची वाटी वरणभाताच्या शेजारीच असते, त्यामुळे भूक कुठे संपली आणि चव कुठे सुरू झाली हे कोणी विचारत नाही. इंग्रजी जेवणात मात्र हा प्रश्न टाळता येत नाही: भूक भागल्यावर निव्वळ चवीसाठी खाणे दोषास्पद आहे का?

इ.स. 400 च्या आसपास लिहिलेल्या ‘कन्फेशन्स’च्या दहाव्या भागात संत ऑगस्टीन यांनी या प्रश्नाचा छडा लावण्याचा प्रयत्न केला. त्यांच्या मते अन्न औषधासारखे घ्यावे. पण भुकेकडून तृप्तीकडे जाताना वाटेत सुख दबा धरून बसलेले असते आणि गरजेचे निमित्त करून लालसाच जेवू लागते. हा निकष शब्दशः लावला तर कोणतेही गोड टिकणार नाही.

पोप ग्रेगरी (कारकीर्द 590 ते 604) यांनी मात्र दोषाची फोड केली: वेळेआधी खाणे, महागडे खाणे, फार खाणे, अधाशासारखे खाणे आणि पदार्थाचे नको तितके चोचले करणे. तेराव्या शतकात थॉमस ॲक्वायनस यांनी हीच यादी स्वीकारली. ग्रेगरींचा दाखला मार्मिक आहे. बायबलमधल्या एसावाने थोरलेपणाचा हक्क विकला तो पक्वान्नासाठी नव्हे, मसुरीच्या कालवणासाठी. म्हणजे साधे अन्नही हावरेपणाने खाता येते.

क्रम्बलवर चोचल्यांचा आरोप करणे तर कठीणच. आंबट सफरचंदांच्या फोडी थोड्या साखरेत घोळवून भांड्यात पसरायच्या. 200 ग्रॅम मैद्याला 100 ग्रॅम थंडगार बटर बोटांच्या टोकांनी चोळायचे, अगदी मोहन चोळतात तसे. मिश्रण रवाळ झाले की 100 ग्रॅम साखर मिसळून ते फोडींवर भुरभुरायचे आणि 180 अंश सेल्सिअसला सुमारे 40 मिनिटे भाजायचे. इथे जास्त मेहनतच घातक ठरते. मळत राहिले तर हाताच्या उबेने बटर वितळते, पिठाचा गोळा होतो आणि वरचा थर खुसखुशीत न होता चिवट बनतो. दुसऱ्या महायुद्धातल्या रेशनिंगच्या काळात हा पदार्थ ब्रिटनमध्ये रुळला. बटर आणि साखर 1940 च्या जानेवारीपासूनच मोजून मिळत होती, आणि पायच्या आवरणापेक्षा हा भुगा कमी बटरमध्ये भागत असे.

उरतो प्रमाणाचा आणि अधाशीपणाचा प्रश्न. तो पदार्थाला नव्हे, खाणाऱ्यालाच विचारावा लागतो. ऑगस्टीन यांचा कठोरपणा साधकाला शोभतो, पण घरगुती पंगतीसाठी ग्रेगरींचे मोजमाप अधिक न्याय्य आहे. ॲक्वायनस यांच्या निवाड्यात तर, खाण्याच्या सुखापायी माणूस ईश्वरापासून दुरावत नसेल, तोवर दुसऱ्यांदा घेतलेली वाटी हे फार तर क्षम्य पाप ठरते.