‘नक्को’ म्हणण्याची रीत

हैदराबादच्या गल्लीबोळांत ‘नक्को’ हा शब्द दिवसातून शंभर वेळा कानावर पडतो. तो आपला मराठी ‘नको’च आहे. दख्खनी बोलीने मराठीकडून जे घेतले, त्याची ही सर्वांत ठळक खूण. १९४८च्या सप्टेंबरमध्ये निजामाची राजवट संपली. तोवर मराठवाडा आणि हे शहर एकाच संस्थानात होते. बोली, पेहराव आणि चवी या वाटेने इकडून तिकडे जात-येत राहिल्या.

एका जागी मात्र हा ‘नक्को’ सहजासहजी चालत नाही. ती जागा म्हणजे दस्तरख्वान. कच्च्या गोश्तची दम बिर्याणी, पहाटेची नहारी, पाया, मरग, लुखमी, पत्थर का गोश्त यांचे हे शहर. इथल्या हलीमला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०१९ साली युनेस्कोने हैदराबादला खाद्यसंस्कृतीच्या सर्जनशील शहरांत स्थान दिले. अशा शहरात लग्नाला, उपचारासाठी किंवा कामानिमित्त गेलेल्या पाहुण्याने मांस, अंडी, दूध, तूप यांपैकी काहीच घेत नाही असे सांगितले, तर मेजबान आधी घाबरतो. ‘तबियत ठीक नहीं क्या?’ हा त्याचा पहिला प्रश्न असतो. प्रकृतीचे कारण नाही असे कळले की दुसरा प्रश्न येतो आणि तो अधिक अवघड असतो. मग कारण काय?

आज आपल्या समाजातही असे वनस्पतीजन्य आहार घेणारे लोक आहेत. संख्येने थोडे आहेत, पण आहेत. कुणाला पोल्ट्रीतल्या पिंजऱ्यांत दाटीवाटीने वाढवलेल्या कोंबड्यांची अवस्था पाहवत नाही, कुणाला पृथ्वीवरच्या पाण्याची आणि चाऱ्याची चिंता वाटते. त्यांच्या या निर्णयाला आपण कोणत्या तराजूत तोलायचे, हा आमच्यापुढचा प्रश्न आहे.

पोटाचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. शहराची ख्याती मांसावर उभी असली तरी त्याचा रोजचा संसार चिंचेवर चालतो. खट्टी दाल आणि भात हे हैदराबादी घरातले नित्याचे जेवण. बघारे बैंगनमध्ये शेंगदाणे, तीळ, खोबरे आणि चिंच यांचे वाटण असते. बिर्याणीसोबत येणारे मिर्ची का सालन त्याच वाटणाचे भावंड. शिवाय बघारा खाना, तिळाची चटणी, अंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकरी आहेतच. खुबानी का मीठा मलईवाचूनही गोडच लागतो आणि इराणी चहाऐवजी सुलेमानी मागता येतो. बघार तुपाचा की तेलाचा, सालनात दही पडले आहे काय, भातात यखनी आहे काय, एवढे मात्र विचारावे लागते. मराठवाड्यातल्या आपल्या घरांतही यांतले बरेचसे पदार्थ रांधले जातात. तेव्हा मांसावाचून या शहराची चव कळणारच नाही, हे खरे नव्हे. जुन्या सामान्य घरांत बिर्याणी ही लग्नाकार्याची आणि ईदची होती. ती रोज दोन्ही वेळा मिळू लागली ती अलीकडे, हॉटेलांमुळे.

खरी अडचण दुसरीकडे आहे. आपल्यातला कुणी मांस नाकारतो तेव्हा त्याच्यावर दोन बाजूंनी संशय घेतला जातो.

पहिला संशय आपल्या माणसांचा. अल्लाहने हलाल केलेली गोष्ट तू हराम ठरवतोस काय? हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. अल्लाहने हलाल केलेल्या चांगल्या वस्तू स्वतःवर निषिद्ध करू नका, अशी ताकीद कुरआनात आहे. पण निषिद्ध ठरवणे आणि न खाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा भेद प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याच जीवनात स्पष्ट दिसतो. हजरत मैमूना (रजि.) यांच्या घरी घोरपडीसारख्या प्राण्याचे भाजलेले मांस त्यांच्यापुढे आले. त्यांनी हात मागे घेतला. हे हराम आहे काय, असे हजरत खालिद बिन वलीद (रजि.) यांनी विचारले. हराम नाही, पण आमच्या मुलखात हे नसते, म्हणून मनाला रुचत नाही, अशा आशयाचे उत्तर मिळाले. मग खालिद यांनी ते ताट आपल्याकडे ओढून त्यांच्यादेखत खाल्ले. कुणी कुणाला टोकले नाही. खाणाऱ्याने खाल्ले, न खाणाऱ्याने खाल्ले नाही आणि दस्तरख्वान एकच राहिला. आम्हाला या विषयात याहून मोठा दाखला माहीत नाही.

दुसरी हदीसही आठवण्याजोगी आहे. एका शिंप्याने प्रेषितांना जेवायला बोलावले होते. जवाची भाकरी होती, भोपळा आणि सुकवलेले मांस घातलेला रस्सा होता. प्रेषित ताटातल्या भोपळ्याच्या फोडी शोधून खात होते, असे हजरत अनस (रजि.) सांगतात. यावरून मांस वर्ज्य ठरत नाही. मात्र भाजी ही नाइलाजाची वस्तू आहे, मुसलमानाच्या ताटाची शोभा फक्त गोश्त, हा आपला समज धर्मातून आलेला नाही, एवढे नक्की ठरते.

आपल्या परंपरेत याहून पुढे गेलेला माणूसही आहे. अकराव्या शतकातला सीरियाचा अंध अरबी कवी अबुल अला अल्-मअर्री याने मांस, दूध, अंडी आणि मधसुद्धा सोडले होते. फातिमी दरबारच्या एका मोठ्या धर्मप्रचारकाने पत्रे लिहून त्याला याचा जाब विचारला. मअर्रीने जिवांविषयीची करुणा सांगितली, तसेच आपली तुटपुंजी मिळकतही सांगितली. त्याची सगळी मते आपल्याला पटतील असे नाही. पण हा विचार आज बाहेरून आलेला नाही, हे त्याच्यामुळे कळते.

शिवाय कुरआन अन्नाविषयी बोलताना ‘हलाल’सोबत ‘तय्यब’ हा शब्द वापरतो. तय्यब म्हणजे शुद्ध, चांगले. सुरी फिरवताना अल्लाहचे नाव घेतले की आपली जबाबदारी संपली, असे आपण धरून चाललो आहोत. तो जीव त्याआधी कसा जगला, हे विचारणे तय्यबच्या कक्षेत येत नाही काय? आणि लग्नाच्या मांडवामागे खरकट्यात पडलेले बिर्याणीचे ढीग इसराफ नव्हेत काय? मांस सोडणाऱ्याला जाब विचारण्याआधी हे दोन प्रश्न खाणाऱ्यांनी स्वतःला विचारावेत.

दुसरा संशय शाबासकीच्या रूपात येतो आणि तो अधिक बोचतो. ‘तुम्ही मुसलमान वाटत नाही हो!’ मांस न खाणाऱ्या मुसलमानाला हे वाक्य कौतुकाने ऐकवले जाते. ज्या देशात ताटावरून घर भाड्याने मिळते किंवा नाकारले जाते, ज्या राज्यात २०१५च्या कायद्यानंतर बैल-वळूंची कत्तलही गुन्हा ठरली आणि कुरेशी बिरादरीचे अनेक संसार अडचणीत आले, तिथे आपला खासगी निर्णय दुसऱ्याच्या हातातला दाखला बनू शकतो. ‘पाहा, त्यांच्यातल्या चांगल्या माणसांनीसुद्धा सोडले!’ ही शाबासकी स्वीकारणे म्हणजे आपल्याच भावंडांविरुद्ध साक्ष देणे. ती नाकारायलाच हवी. आम्ही खात नाही ते जनावरासाठी. खाणाऱ्या माणसाला हीन ठरवण्यासाठी नाही, हे तिथल्या तिथे, स्पष्ट शब्दांत सांगावे. जिवाची दया माणसाच्या अपमानापर्यंत पोचत असेल तर ती दया राहत नाही.

आता मेजबानाकडे वळू. पाहुण्यासाठी ऋण काढून गोश्त आणणारी माणसे आपल्यात आहेत. त्यांचा देकचा उघडल्यावर नकार देणे हा जुलूम आहे, म्हणून आधी कळवावे. आधी कळवणे शक्य झाले नाही तर? जनावर तर कापले गेले आहे, आता न खाऊन कोण वाचणार, असे म्हणून दोन घास घेणारे आम्ही पाहिले आहेत. त्यांना आम्ही ढोंगी म्हणणार नाही. पण आमचे मत वेगळे आहे. आज खाल्ले तर पुढच्या खेपेला तोच मेजबान पुन्हा तेच शिजवील आणि आपल्या शब्दाला त्याच्या घरात किंमत उरणार नाही. मेजबानाचा हक्क आपल्या सोबतीवर आहे. ती त्याला पुरेपूर द्यावी. बाजूला वेगळे बसू नये, नाक मुरडू नये, जेवताना प्रवचन देऊ नये. घरात जी डाळ असेल, चटणी असेल, ती चवीने मागून घ्यावी. ‘खाला, तुमच्या खट्टी दालीला तोड नाही’ हे खरे वाक्य असेल तर मोठ्याने म्हणावे. बहुतेक घरांत एवढ्याने मन मोकळे होते. गोश्त करणारी बाई डाळही तितक्याच जिव्हाळ्याने करते, तिची तारीफ मात्र कुणी करत नाही.

आणि खाणाऱ्यांनीही थोडे शिकावे. न खाणाऱ्याच्या ईमानाची मोजदाद ताटावर करू नये. एकाने ताट पुढे ढकलले आणि दुसऱ्याने ते आपल्याकडे ओढून घेतले, यात मैमूना (रजि.) यांच्या घरी कुणाचे काही उणे झाले नव्हते. आपल्या घरीही होऊ नये.