वेदना नसलेल्याचे काय?

लोबारिया पल्मोनारिया हे युरोपातील जुन्या ओक आणि बीच वृक्षांच्या सालीवर वाढणारे शैवाक. गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाच्याच गणगोतातले; पानासारखे रुंद आणि ओले झाले की हिरवेगार. बुरशीच्या आश्रयाला त्यात हिरवे शैवाल राहते आणि नॉस्टॉक हा नीलहरित जीवाणूही. शैवाल साखर बनवते, नॉस्टॉक हवेतला नायट्रोजन बांधून ठेवतो. 1860 च्या दशकात सायमन श्वेंडेनर या स्विस शास्त्रज्ञाने शैवाकांमधले हे सहजीवन ओळखले, पण बुरशीला मालक आणि शैवालाला गुलाम ठरवून. निसर्ग पाहतानाही माणूस आपली समाजरचना सोबत नेतो.

या शैवाकाशेजारी एक प्राणी ठेवून पाहू. युरोपीय रानससा मूळचा आयबेरियन द्वीपकल्पातला. महाराष्ट्राच्या माळरानावरचा ससा उघड्यावर राहतो. हा युरोपीय ससा मात्र बिळे खणून गटाने राहतो. त्याचेही एकट्याने भागत नाही. पोटातले सूक्ष्मजीव गवत आंबवतात आणि त्यातून झालेली मऊ विष्ठा तो पुन्हा खातो, तेव्हा कुठे अन्न अंगी लागते.

नीतीच्या दृष्टीने मात्र दोघांत मोठे अंतर आहे. सशाला वेदना होतात. 1859 मध्ये शिकारीसाठी ऑस्ट्रेलियात सोडलेले ससे बेसुमार वाढले, तेव्हा 1950 मध्ये त्यांच्यावर मिक्सोमा विषाणू सोडण्यात आला. डोळे सुजून, आंधळे होऊन लक्षावधी ससे मेले. 1952 मध्ये एका फ्रेंच डॉक्टरने आपल्या आवारातल्या सशांवर तोच विषाणू सोडला आणि रोग युरोपभर पसरला. स्पेनमध्ये सशांवर जगणाऱ्या आयबेरियन लिंक्स या रानमांजराची उपासमार झाली. महिन्याभरात पिल्ले देणारा हा ससा 2019 पासून त्याच्या मूळ प्रदेशात धोक्यातील प्रजाती म्हणून नोंदला गेला आहे.

सशाच्या बाबतीत निदान क्रौर्य दिसते, त्याविरुद्ध बोलता येते. शैवाकाला चेतासंस्थाच नाही. त्याच्यावर क्रूरता केली, असे म्हणता येत नाही. दया हीच एकमेव मोजपट्टी धरली तर ते हिशेबातूनच गळते. हानी मात्र खरी असते, आणि सहज भरून न येणारी. ससा संकट आले की पळतो. शैवाकाचे झाड तुटले की तेही गेले. गंधकाच्या धुराने ते मरते. प्रौढ व्हायला त्याला कित्येक दशके लागतात आणि त्याचे कण सहसा जवळच्याच झाडांवर रुजतात. त्यामुळे तोडीच्या वेळी एखादे म्हातारे झाड राखणे पुरेसे नसते. त्याच्या आसपास म्हातारी होऊ शकणारी झाडेही उभी लागतात.