मेहमान आणि गिऱ्हाईक

मोरोक्कोतील फेस शहराच्या जुन्या मदीनेत मोटार शिरत नाही. सामान हातगाडीवरून नाहीतर खेचरावरून न्यावे लागते. युनेस्कोने १९८१ साली जागतिक वारसा ठरवलेल्या या वस्तीतील अनेक जुन्या घरांत आता प्रवाशांना खोल्या मिळतात. काही ठिकाणी घरची माणसेही तिथेच नांदत असतात. या घरांना गल्लीकडे खिडक्या जवळजवळ नसतातच. जे काही आहे ते आत, चौकाभोवती: कारंजे, रंगीत फरशी, बायकामुलांचा वावर. अशा घरात आपण पैसे मोजून उतरतो तेव्हा नेमके काय विकत घेतो?

भाडे घेणे म्हणजे मेहमाननवाजीचा बाजार, ही तक्रार आम्हाला पटत नाही. अरबीत हॉटेलला फुंदुक म्हणतात. शब्द जुनाच, व्यापारी तिथे माल-जनावरांसह उतरत आणि भाडे देत. कुटुंबाने पोट भरू नये काय?

पेच पाहुण्याच्या बाजूला आहे. मेहमाननवाजी तीन दिवसांची, आणि यजमानाला जड होईल इतके पाहुण्याने राहू नये, असे हदीसमध्ये आले आहे. यातले यजमानाचे कर्तव्य आपल्याला तोंडपाठ असते. पाहुण्याचे मात्र बिल चुकते केले की फिटले, असे आपण धरून चालतो. खोलीचे भाडे दिले, ठीक. पण चौकात बसलेल्या आजीचा फोटो त्यात धरला होता काय? फेसमधल्या गच्च्या परंपरेने बायकांच्या. तिथून शेजारच्या अंगणात कॅमेरा वळवताना आपण कोणाचे गिऱ्हाईक असतो? त्या शेजाऱ्याने तर आपल्याकडून एक दिरहमही घेतलेला नसतो.