ओकचा धोंडा

खांदे सैल सोडा. डोळे मिटू नका, कारण बघायचंच आहे.

आधी ओढा ऐका. फार मोठा नाही. वेल्सच्या उत्तरेकडचा, फेस्टिनिऑगच्या खोऱ्यात उतरणारा. काठाला झाडी, शेवाळलेले दगड. वर आभाळ भरलेलं. या भागात ते बहुतेक वेळा भरलेलंच असतं.

पाणी एका लहानशा धबधब्यावरून खाली येतं आणि डोहात पडतं.

डोहात काहीतरी बसलं आहे. मीटरभर रुंदीचं. गोल म्हणावं तर नीटसं गोल नाही, पैलू पाडल्यासारखं. दुरून धोंडाच.

बघा. घाई नाही.

एक श्वास आत. सावकाश बाहेर.

आता थोडं जवळ या. काठावर उकिडवे बसा. या धोंड्याच्या अंगावर रेषा आहेत, बारीक, एकमेकींच्या शेजारून जाणाऱ्या. मध्येच एक रेष वळते, कारण तिथे कधीतरी फांदी फुटली होती.

हे लाकूड आहे. ओकचं. झाड सुमारे २०० वर्षं उभं होतं.

हात पुढे करा, मनातल्या मनात. तळवा ठेवा. गार. ओलं. वरचा थर किंचित बुळबुळीत, खालचं लाकूड टणक.

हात तिथेच राहू द्या.

डेव्हिड नॅश हे शिल्पकार लाकडासाठी जितं झाड पाडत नाहीत. वाऱ्यानं पडलेलं, आपसूक वठलेलं किंवा दुसऱ्या कारणानं पाडावंच लागलेलं झाड ते घेतात. हा ओकही असाच पाडावा लागला. १९७८ साली त्यांनी त्यातून हा गोळा कापून काढला. बेत साधा होता: ओढ्याच्या पाण्यानं तो खाली न्यायचा आणि कार्यशाळेत ठेवायचा. स्लेटच्या खाणींच्या गावात, ब्लायनाय फेस्टिनिऑगमध्ये, एका जुन्या चॅपलमध्ये त्यांची कार्यशाळा आहे. तिथे लाकूड वाळलं असतं, तडकलं असतं, शिल्प झालं असतं.

गोळा वाटेतच अडकला.

या जागी थांबू या. पुढचं मला ठाऊक आहे, तरी इथून लवकर निघावंसं वाटत नाही.

शेकडो किलोंचं वजन. ढकललं तर हलत नाही. दोन्ही बाजूंनी पाणी मात्र निघून चाललं आहे, त्याला कसलाच खोळंबा नाही. गोळ्याशी येतं, दुभंगतं, पलीकडे पुन्हा एक होतं.

त्या दुभंगण्याकडे बघा. पुन्हा एक होण्याकडे बघा.

श्वास येऊ द्या. जाऊ द्या.

नॅश तो तिथेच राहू देतात.

आता रंग बघा. नुकता कापलेला ओक फिकट, पिवळसर असतो. पाण्यात तो काळवंडत जातो. लाकडातलं टॅनिन आणि पाण्यातलं लोह एकमेकांना भेटतात आणि निळसर काळा रंग धरतो. हिरड्याच्या काढ्यात लोखंड पडलं की जो उतरतो, तोच हा काळा. कुणी रंग दिलेला नाही. दिवस जातात, रंग गडद होतो.

त्या काळ्यात नजर बुडू द्या.

उघड्यावर ठेवलेलं ओलं लाकूड बाहेरून आधी वाळतं, आकसतं, आतलं मात्र ओलंच असतं. त्या ओढाताणीत ते फाटतं. इथे ती ओढाताण नाही. बाहेर पाणी, आतही पाणी.

तुमच्या आत कुठे ओढाताण आहे का? असेल तर नुसती लक्षात घ्या. सोडवायला जाऊ नका.

धोंडा काय करतो आहे? काही नाही. हिवाळ्यात त्याच्यावर बर्फ साचतं, मग वितळतं. नॅश येतात, फोटो काढतात, चित्रं काढतात, परत जातात. वर्षं अशीच सरतात. मग एके दिवशी ओढ्याला लोंढा येतो आणि धोंडा पुढच्या डोहात जाऊन बसतो. पुन्हा काही नाही. कलादालनाच्या दिव्याखाली असता तर आपण दोन मिनिटं उभं राहून पुढच्या दालनात गेलो असतो. मी तरी गेलो असतो.

इथे बसून राहा. लोंढा यायचा तेव्हा येईल.

ऐका. पाणी लाकडावर आपटतं तो आवाज दगडावरच्यापेक्षा किंचित मऊ आहे. की तसं वाटतं आहे? पुन्हा ऐका.

ओढा पुढे ड्विरिड नदीला मिळतो. धोंडाही तिथवर पोचतो. मग खाडी. उतारावर पाणी एकाच दिशेला वाहत होतं. खाडीत भरती धोंड्याला आत आणते, ओहोटी बाहेर नेते. कधी वाळूवर उघडा पडलेला, कधी जेमतेम डोकं वर ठेवून तरंगणारा. कापून काढला त्याला २५ वर्षं होत आली आहेत.

श्वासही तसाच. आत येतो. बाहेर जातो. तुम्ही काठावर.

२००३ मध्ये धोंडा दिसेनासा होतो. शोधाशोध होते, सापडत नाही. काही वर्षांनी खाडीतच पुन्हा नजरेस पडतो. आणि पुन्हा नाहीसा होतो. तो हरवला आहे असं नॅश मानत नाहीत. जिथे आहे तिथे आहे, एवढंच त्यांचं म्हणणं.

मग आपण तीन जागा मनात आणू या. पहिली, आयरिश समुद्र. चहूकडे पाणी, आणि लाटेबरोबर वरखाली होणारा एक काळा ठिपका. एक श्वास.

दुसरी, खाडीच्या वाळूत पूर्ण रुतलेला. वरून भरती जाते, त्याला फक्त भार जाणवतो. एक श्वास.

तिसरी, काठच्या खारट गवतात, चिखलात. मेंढ्या चरत जवळून जातात, एखादी अंग घासते. एक श्वास.

हव्या त्या जागेपाशी हवं तेवढं थांबा. मी बहुधा मेंढ्यांपाशीच रेंगाळतो.